दोन 'सॉरीं'चं पत्र : हैनान, एप्रिल 2001

11 एप्रिल 2001 रोजी बीजिंगमध्ये अमेरिकेचे राजदूत जोसेफ प्रूअर यांनी चीनचे परराष्ट्रमंत्री तांग ज्याश्वान यांना एक छोटं पत्र दिलं. त्यात 'व्हेरी सॉरी' हे शब्द दोनदा आले होते. त्या पत्रानंतर, दुसऱ्या दिवशी सकाळी, चीनच्या हैनान बेटावर अकरा दिवस अडकून पडलेली 24 अमेरिकी माणसं विमानात बसून निघाली. चीनच्या सरकारी माध्यमांनी आपल्या जनतेला सांगितलं की अमेरिकेने माफी मागितली. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल म्हणाले की माफी मागण्यासारखं आम्ही काही केलेलंच नाही. दोघांच्याही हातात तेच पत्र होतं.

आंतरराष्ट्रीय वाटाघाटींच्या अभ्यासात हे 'दोन सॉरींचं पत्र' म्हणून ओळखलं जातं आणि शब्दच्छलाचा नमुना म्हणून त्याच्याकडे बोट दाखवलं जातं. मला तो शेरा अन्यायाचा वाटतो. पत्रातला दुहेरीपणा कोणा अधिकाऱ्याने एका रात्रीत घडवलेला नव्हता. मुळात शारीरिक वेदना सांगणारा एक शब्द आधी दुःखाचा झाला, मग दिलगिरीचा झाला, आणि जुना अर्थ सोडायला काही तयार झाला नाही. त्या शब्दाची ही कसोटी होती. म्हणून हे प्रकरण जितकं विमानांचं आहे तितकंच भाषेचं आहे.

आकाशात काय घडलं

1 एप्रिल, रविवार. जपानमधल्या ओकिनावा बेटावरच्या कडेना तळावरून उडालेलं अमेरिकी नौदलाचं ईपी-3ई हे टेहळणी विमान दक्षिण चिनी समुद्रावर, हैनानच्या आग्नेयेला सुमारे 110 किलोमीटरवर होतं. चार पंख्यांचं हे संथ विमान आतून यंत्रांनी खच्चून भरलेलं असतं. समोरच्या किनाऱ्यावरचे रेडिओ आणि रडारचे संदेश टिपायचे, एवढंच त्याचं काम. त्याच्या मागावर चिनी नौदलाची दोन जे-8 लढाऊ विमानं आली. त्यांतलं एक वांग वेई चालवत होते, दुसरं झाओ यू. वांग वेई यांचं विमान अमेरिकी विमानाच्या फारच जवळ आलं आणि डाव्या बाजूच्या पंख्यात सापडलं. जे-8चे तुकडे झाले. वांग वेई समुद्रात पडले ते पुन्हा कोणाला दिसले नाहीत.

अमेरिकी विमानाचं नाक उडालं होतं. ते कलंडून काही हजार फूट खाली कोसळलं. वैमानिक शेन ऑसबर्न यांनी ते कसंबसं सावरलं आणि सर्वांत जवळच्या धावपट्टीकडे वळवलं. ती धावपट्टी लिंगश्वीची, म्हणजे चिनी लष्कराचीच होती. अमेरिकेच्या म्हणण्याप्रमाणे वाटेत संकटाचे संदेश दिले गेले, पण पलीकडून उत्तर आलं नाही. विमानातली माणसं तोवर कुऱ्हाडीने यंत्रं फोडत होती, कागद फाडत होती, हाताशी होती ती कॉफी यंत्रांवर ओतत होती. परवानगीशिवाय चाकं टेकली तेव्हा खाली बंदुका घेतलेले सैनिक उभे होते.

चूक कोणाची, यावर दोन देशांचं कधीच एकमत झालं नाही. चीन म्हणत होता की अमेरिकी विमान अचानक वळलं आणि लढाऊ विमानावर आदळलं. अमेरिका म्हणत होती की एवढ्या अवजड विमानाला कसली आली चपळाई, जवळ तर तुमचाच वैमानिक आला. त्याखाली एक मोठा वाद दडलेला होता. किनाऱ्यापासून 12 सागरी मैल ही देशाची प्रादेशिक हद्द, आणि 200 सागरी मैलांपर्यंत त्याचं अनन्य आर्थिक क्षेत्र. टक्कर या दुसऱ्या पट्ट्यात झाली. तिथून हेरगिरीची विमानं उडवता येणार नाहीत, असं चीनचं म्हणणं होतं. मासे आणि तेल तुमचं, आकाश सगळ्यांचं, असं अमेरिकेचं. त्यात भर म्हणजे मे 1999मध्ये अमेरिकी बाँबहल्ल्यात बेलग्रेडमधला चिनी दूतावास उद्ध्वस्त होऊन तीन चिनी नागरिक ठार झाले होते, आणि ती जखम ताजी होती. जॉर्ज डब्ल्यू. बुश अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष होऊन तीन महिनेही झाले नव्हते.

अशा वेळी ज्याच्या तोंडून 'चुकलो' हा शब्द निघेल त्याने केवळ एका अपघाताची नाही, तर त्या सगळ्या समुद्रावरच्या आकाशाची बाजू सोडल्यासारखं झालं असतं. म्हणून अकरा दिवस सगळं अडलं ते शब्दावर.

रिग्रेटपासून व्हेरी सॉरीपर्यंत

चीनने पहिल्यापासून जी गोष्ट मागितली ती होती 'दाओछ्येन'. चूक आपली होती असं मान्य करून दुसऱ्यासमोर मान खाली घालणं, हा त्या शब्दाचा रोख. राष्ट्राध्यक्ष जियांग झेमिन त्याच आठवड्यात लॅटिन अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाले होते. चिलीमध्ये ते म्हणाले की मी पुष्कळ देश पाहिले, रस्त्यात माणसाला माणसाचा धक्का लागला तर सगळीकडे 'एक्सक्यूज मी' म्हणतात, ही अमेरिकी विमानं मात्र आमच्या दारापर्यंत येऊनही तेवढं म्हणत नाहीत. ज्यांना इंग्रजी चांगलं येत होतं अशा नेत्याने मागणीसाठी निवडलेला शब्द किती हलका होता, हे लक्षात घेण्यासारखं आहे. वाट थोडी मोकळी आहे, असं त्यातून सुचवलं जात होतं की नाही हे सांगता येत नाही, पण वॉशिंग्टनमध्ये शब्द हलू लागले हे खरं.

पहिल्या दिवसांत अमेरिकेचा सूर सरळ होता: आमची माणसं आणि आमचं विमान परत करा. मग 4 एप्रिलला पॉवेल यांनी चिनी वैमानिकाच्या मृत्यूबद्दल 'रिग्रेट' व्यक्त केला. दुसऱ्या दिवशी बुश यांनीही तोच शब्द वापरला. 8 एप्रिलला दूरचित्रवाणीवर बोलताना पॉवेल एका दमात तीन पायऱ्या चढले: आम्ही रिग्रेट व्यक्त केला आहे, आम्ही सॉरो व्यक्त केलं आहे, आणि एक जीव गेला याबद्दल आम्ही सॉरी आहोत. अखेर पत्रात 'सॉरी'च्या आधी 'व्हेरी' आलं.

हे तिन्ही शब्द आपण मराठीत एका 'खेद'मध्ये कोंबतो. इंग्रजीत ते तीन वेगवेगळ्या घरांतून आले आहेत. ती घरं पाहिल्याशिवाय पॉवेल काय करत होते ते कळत नाही.

तीन शब्दांची घरं

'रिग्रेट' फ्रेंचांकडून आला. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ होता मेलेल्या माणसासाठी शोक करणं. आज सरकारी पत्रांत सर्वांत थंड वाटणारा हा शब्द एकेकाळी प्रेतापाशी बसून रडणाऱ्यांचा होता. कचेऱ्यांत फिरून फिरून त्याची ऊब गेली. 'सॉरो' अस्सल जर्मानिक आहे. जुन्या इंग्रजीत 'सोर्ग' किंवा 'सोर्ह' म्हणजे दुःख आणि काळजी. जर्मन भाषेतला 'झॉर्गे' त्याचाच भाऊ, आणि त्याचा अर्थ आजही काळजी असाच आहे. भाषाशास्त्रज्ञ या कुळाचा धागा लिथुआनियन भाषेतल्या आजारी असण्याच्या क्रियापदाशी आणि संस्कृतातल्या 'सूर्क्ष्' धातूशी जोडतात. सूर्क्ष् म्हणजे काळजी घेणं, लक्ष देणं.

आणि 'सॉरी'? ऐकणाऱ्याला तो 'सॉरो'चं विशेषण वाटतो. इंग्रजी बोलणाऱ्यांनाही तसंच वाटतं. पण ही नातलगी दिसण्यातली आहे, रक्ताची नाही. जुन्या इंग्रजीत 'सार' म्हणजे वेदना, जखमेतला ठणका. त्यावरून 'सारिग', म्हणजे वेदनेने भरलेला. आजच्या इंग्रजीतला 'सोर' (घसा खवखवतो तेव्हाचा 'सोर थ्रोट') हे त्याच 'सार'चं रूप, आणि स्कॉटलंडमध्ये अजूनही 'सेर' म्हणतात. 'सारिग'चा दीर्घ आ बदलत ओकडे सरकला, आखूड झाला, आणि शेजारच्या 'सॉरो'च्या सावलीत त्याचा चेहरामोहरा त्याच्यासारखा होत गेला. दोन परके शब्द इतकी शतकं एकाच अर्थाच्या अंगणात वावरले की लोकांनी त्यांना भावंडं ठरवलं.

जर्मन भाषेत याच वेदनेच्या मुळापासून 'झेर' शब्द आला. तो आधी 'वेदनादायक रीतीने' असा होता आणि घासून घासून नुसता 'फार, अतिशय' एवढाच उरला. म्हणजे 'व्हेरी सॉरी'मधल्या 'व्हेरी'ला जर्मन माणूस जो प्रतिशब्द वापरेल तो 'सॉरी'च्याच कुळातला. आपणही 'भयंकर सुंदर' म्हणतोच.

तेराव्या शतकापर्यंत 'सॉरी'ला आणखी एक फांदी फुटली होती: दयनीय, केविलवाणं, दर्जाहीन. शेक्सपिअरच्या मॅकबेथ नाटकात दुसऱ्या अंकात खून करून आलेला मॅकबेथ आपल्या रक्ताळलेल्या हातांकडे पाहून म्हणतो की हे 'सॉरी' दृश्य आहे. त्या एका शब्दात वेदना आहे, केविलवाणेपण आहे, आणि ऐकणाऱ्याला ठाऊक आहे की अपराधही आहे. मॅकबेथ मात्र कोणाची माफी मागत नाही. धक्का लागल्यावर नुसतं 'सॉरी' म्हणून पुढे जाण्याची रीत फार नंतरची, एकोणिसाव्या शतकातली. आपल्याकडे हा शब्द आला तो हेच शेवटचं रूप घेऊन. म्हणून मराठी माणसाला 'सॉरी' म्हटलं की आधी चूक आठवते, दुःख नाही.

'अपॉलॉजी' या शब्दाची चाल याच्या नेमकी उलटी आहे. ग्रीक भाषेत 'अपोलोगिया' म्हणजे न्यायसभेत केलेला बचाव. सॉक्रेटिसची जी अपोलोगिया प्रसिद्ध आहे तीत त्याने क्षमा मागितलेली नाही, आपलं वागणं कसं योग्य होतं हे सांगितलं आहे. इंग्रजीत शिरल्यावर हा शब्द हळूहळू बचावाकडून कबुलीकडे गेला. पॉवेल यांनी नेमका तोच टाळला, कारण 2001 साली त्यात कबुलीशिवाय दुसरं काही उरलं नव्हतं. 'सॉरी'मध्ये उरलं होतं.

पत्रातली दोन वाक्यं

पहिल्या 'व्हेरी सॉरी'चा आशय असा: चिनी जनतेला आणि वैमानिक वांग वेई यांच्या कुटुंबाला कृपया कळवा की त्यांच्या हानीबद्दल आम्ही फार सॉरी आहोत. इथे शब्द आपल्या जुन्या घरात आहे. कोणाचं माणूस गेलं की इंग्रजी बोलणारे हेच म्हणतात, आणि त्यात 'तो आमच्यामुळे गेला' असं कोणी ऐकत नाही.

दुसरं वाक्य अवघड आहे. चीनच्या हवाई हद्दीत शिरणं आणि उतरणं यांना तोंडी परवानगी नव्हती याबद्दल आम्ही फार सॉरी आहोत, मात्र आमची माणसं सुखरूप उतरली याचा आम्हाला फार आनंद आहे. वाक्याची घडण पाहा. कोण शिरलं, कोण उतरलं, हे त्यात नाही. 'शिरणं' हीच एक वस्तू झाली आहे, आणि त्या वस्तूजवळ परवानगी नावाची दुसरी वस्तू नव्हती. 'आम्ही' फक्त सॉरी असण्यापुरते वाक्यात येतात. त्यातही 'तोंडी' हा शब्द मोलाचा आहे. संकटाचे संदेश दिल्याचा अमेरिकेचा दावा होता, तेव्हा उणीव राहिली ती पलीकडून आवाजात 'या' असं उत्तर न येण्याची.

मराठी वाचकाला ही चाल परकी नाही. मूल 'काच फुटली' म्हणतं, आई 'काच फोडलीस' म्हणते, आणि सगळं भांडण त्या एका शब्दाच्या फरकात मावतं. पण मराठीजवळ तिसरीही एक वाट आहे: 'माझ्या हातून फुटली.' हेतू नव्हता, पण हात माझाच होता. ही रचना मला मराठीच्या मोठ्या देण्यांपैकी एक वाटते. प्रूअर यांचं दुसरं वाक्य मराठीत लिहिलं गेलं असतं आणि लिहिणाऱ्याचं मन साफ असतं, तर ते 'आमच्या हातून परवानगीविना प्रवेश झाला' असं झालं असतं. त्यात अपराधाची कबुली नाही आणि कर्ता गायबही नाही. इंग्रजीत अशी जागा करायला लांबड लावावी लागते. वेळ नव्हता, आणि बहुधा इच्छाही नव्हती.

चीनच्या परराष्ट्र खात्याने दुसऱ्या वाक्याचं भाषांतर केलं तेव्हा 'दाओछ्येन' वापरला नाही. 'शन ब्याओ छ्येनयी' असं लिहिलं, म्हणजे 'खोलवर छ्येनयी व्यक्त करतो'. 'छ्येन' हे अक्षर दोन्हींकडे तेच आहे. त्याचा जुना अर्थ उणीव. पीक कमी आलेल्या सालालाही तेच अक्षर लागतं. चिनी वाचकाला ते अक्षर दिसलं आणि माफीचा वास आला. पण अमेरिकेने उद्या विचारलं असतं की आम्ही न म्हटलेला शब्द आमच्या तोंडी का घातला, तर चीनला सांगता आलं असतं की आम्ही तो घातलेलाच नाही. बातम्यांत मात्र सरळ 'माफीचं पत्र' असंच म्हटलं गेलं. दोन्ही बाजूंच्या भाषांतरकारांनी इथे जे काम केलं त्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. शत्रूचं वाक्य न मोडता ते आपल्या लोकांना ऐकवता येण्याजोगं करणं ही फार अवघड कला आहे.

दिलगिरीचं मराठी घर

आपल्याकडेही एका शब्दाने 'सॉरी'सारखाच प्रवास केला आहे, आणि तो रोजच्या वर्तमानपत्रात आहे: 'दिलगीर'. हा फारसी शब्द. दिल म्हणजे हृदय, गीर म्हणजे पकडणारं. जुन्या मराठीत 'दिलगीर' म्हणजे दुःखी, खिन्न. कोणी गेल्याचं ऐकून माणूस दिलगीर होत असे. आज त्या अर्थाने तो कोणी वापरत नाही. आज 'दिलगिरी व्यक्त करतो' हे वाक्य आपल्याला ऐकू येतं ते विधानसभेत किंवा पत्रकार परिषदेत, आणि बहुधा 'कोणाचं मन दुखावलं गेलं असल्यास' या शेपटासह. विरोधक माफी मागा म्हणतात, समोरचे दिलगिरी देतात, आणि कामकाज पुढे सुरू होतं. हैनानच्या पत्राची ही घरगुती आवृत्तीच म्हणायची. माफी मागावी लागते, दिलगिरी नुसती व्यक्त करता येते. मागण्यात समोरच्याच्या हातात काहीतरी द्यावं लागतं, कारण तो नाही म्हणू शकतो. व्यक्त करण्यात तसं काही नाही.

भारतीय वाचकाला 'रिग्रेट'चं वजन वेगळ्याच ठिकाणी कळलेलं आहे. जालियनवाला बागेच्या हत्याकांडाला शंभर वर्षं होत असताना, एप्रिल 2019मध्ये, ब्रिटनच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी संसदेत जे घडलं त्याबद्दल 'डीप रिग्रेट'ची भाषा वापरली. त्यांच्या आधी डेव्हिड कॅमेरॉन 2013मध्ये अमृतसरला जाऊन ती घटना अत्यंत लाजिरवाणी असल्याचं लिहून आले होते. दोघांनीही माफीचा शब्द उच्चारला नाही. शोकाचा शब्द दिला आणि कबुलीचा रोखून धरला, हा जो सल पंजाबला आणि आपल्यालाही आहे, तोच 2001मध्ये चिनी तरुणांना होता. त्यांच्या रागाकडे पाहताना हे विसरू नये असं मला वाटतं.

जिथे 'सॉरी' जड होता

हैनानमध्ये 'सॉरी' ही सुटकेची वाट ठरली. त्याच वर्षांत ऑस्ट्रेलियात हाच शब्द इतका जड झाला होता की एक पंतप्रधान तो उच्चारायला तयार नव्हते. तिथल्या आदिवासी आणि टॉरेस सामुद्रधुनीच्या बेटांवरच्या कुटुंबांतून पिढ्यान्‌पिढ्या मुलं सरकारी धोरणाने हिरावून नेली गेली होती. 1997मध्ये याचा चौकशी अहवाल संसदेत आला. पुढच्या वर्षीपासून 26 मे हा 'सॉरी दिन' म्हणून पाळला जाऊ लागला. 1999मध्ये पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी संसदेत जो ठराव आणला त्यात 'डीप अँड सिन्सिअर रिग्रेट' होता, 'सॉरी' नव्हता. 28 मे 2000 रोजी सिडनीच्या हार्बर पुलावरून लाखो लोक चालले, तेव्हा वर आकाशात विमानाने धुराने हा एकच शब्द लिहिला होता. तो संसदेत यायला 13 फेब्रुवारी 2008 उजाडला. नवे पंतप्रधान केव्हिन रड यांनी तो भाषणात पुन्हा पुन्हा उच्चारला आणि बाहेर हिरवळीवर पडद्यासमोर बसलेली म्हातारी माणसं रडली.

या दोन प्रकरणांतला फरक शब्दकोशात सापडणार नाही. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या इंग्रजीत 'सॉरी बिझनेस' म्हणजे सुतक: माणूस गेल्यावरचे विधी, एकत्र येणं, गप्प बसणं. त्यांच्या तोंडी या शब्दाचा हजार वर्षांपूर्वीचा दुःखाचा अर्थ अजून जिवंत आहे. म्हणून जेव्हा त्यांनी सरकारकडे तोच शब्द मागितला तेव्हा आमच्या सुतकात या, असंच ते म्हणत होते. चीनने मागितला होता 'दाओछ्येन', आणि मिळाला 'सॉरी'. ऑस्ट्रेलियातल्या लोकांनी 'सॉरी' मागितला आणि नऊ वर्षं 'रिग्रेट'वर भागवलं. मागणाऱ्याने कोणता शब्द मागितला होता, यावरच मिळालेल्या शब्दाचं वजन ठरतं. हैनानच्या अभ्यासात हा मुद्दा सहसा निसटतो, कारण सगळे अमेरिकेच्या वाक्यरचनेत अडकतात.

आणखी एक दाखला थोडक्यात. 1968मध्ये उत्तर कोरियाने 'प्वेब्लो' हे अमेरिकी टेहळणी जहाज पकडलं. अकरा महिन्यांनी, 23 डिसेंबरला, 82 जणांना सोडवण्यासाठी अमेरिकेच्या जनरल वुडवर्ड यांनी कोरियनांनी लिहिलेल्या कबुलीजबाबावर सही केली. सहीच्या आधी त्यांनी मोठ्याने वाचून दाखवलं की या कागदात लिहिलेलं मला मान्य नाही, मी केवळ माणसं सोडवण्यासाठी सही करतो आहे. कोरियाला कागद मिळाला, अमेरिकेला नकार नोंदवता आला. तिथे होकार आणि नकार यांना दोन वेगळे कागद लागले. 2001मध्ये एका शब्दात दोन्ही मावले, आणि कोणाला खोटं बोलावं लागलं नाही.

पहिल्या सॉरीबद्दल

गेल्या दोन दशकांत या पत्रावर जे लिहिलं गेलं त्यातलं बहुतेक सारं दुसऱ्या वाक्याबद्दल आहे. पहिल्याबद्दल वाद झाला नाही, म्हणून कोणी त्याच्याकडे फारसं पाहिलंही नाही. मला तेच वाक्य जास्त वेळ थांबवतं.

वांग वेई चच्यांग प्रांतातल्या हूचौचे. त्यांच्या मागे पत्नी आणि लहान मुलगा होता. त्या आठवड्यात त्यांच्या पत्नीने राष्ट्राध्यक्ष बुश यांना पत्र लिहिलं आणि तुम्हाला माफी मागण्याचंही धैर्य नाही, असा जाब विचारला. तिची वेदना खरी होती आणि ते पत्र जगभर छापलं गेलं, म्हणजे ते चीनच्या बाजूचं हत्यारही होतं. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. पलीकडे अमेरिकेने जुनी चित्रफीत दाखवली, आधीच्या एका उड्डाणात वांग वेई किती जवळ आले होते त्याची, आणि काचेतून हातातला कागद दाखवतानाचे त्यांचे फोटो पुढे आले. एक मेलेला माणूस इकडे हुतात्मा आणि तिकडे बेजबाबदार पोरगा ठरत होता. समुद्रातला शोध 14 एप्रिलला थांबला, म्हणजे अमेरिकी माणसं सुटल्यानंतर. चीनने वांग वेई यांना 'समुद्र आणि आकाशाचा रक्षक' ही पदवी दिली.

अशा वेळी 'त्यांच्या हानीबद्दल आम्ही फार सॉरी आहोत' हे वाक्य वाटाघाटीच्या टेबलावर किंमत ठरवून दिलं गेलं, याचं मला वाईट वाटतं. ते पहिल्याच दिवशी, काही न मागता, देता आलं असतं. त्यात कबुली नव्हती. ज्याच्याशी आपलं भांडण आहे त्याच्या घरी कोणी गेलं तरी आपल्याकडे माणूस भेटायला जातो, ओसरीवर बसतो, 'वाईट झालं' एवढंच म्हणतो आणि उठतो. जमिनीचा दावा त्याने मागे घेतलेला नसतो. हे अमेरिकी लोकांनाही ठाऊक असतं. पण पहिल्या तीन दिवसांत कोणताही शब्द कबुली म्हणून वाचला जाईल, या भीतीने त्यांनी शोकसुद्धा रोखून धरला. वकिलांच्या देशात ही भीती जुनी आहे. अपघातानंतर 'सॉरी' म्हटलं तर तो पुरावा ठरेल म्हणून डॉक्टर आणि वाहनचालक गप्प राहतात, हे पाहून अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने 1986मध्ये सहानुभूतीच्या शब्दांना संरक्षण देणारा कायदा केला. कॅनडातल्या ओंटारिओने 2009मध्ये तसाच कायदा करताना 'सॉरी' हा शब्द व्याख्येतच नोंदवला आणि तो उच्चारल्याने दोष सिद्ध होत नाही असं लिहून ठेवलं. दोन देशांमध्ये असा कायदा नसतो.

तरीही प्रूअर यांचं पत्र लिहिलं गेलं नसतं तर बरं झालं असतं, असं मी म्हणणार नाही. 24 माणसं घरी गेली. दोन्ही राजधान्यांत ज्यांना भांडण वाढवायचं होतं त्यांच्या हाती काही लागलं नाही. प्रूअर स्वतः निवृत्त ॲडमिरल. विमानं पाठवणारे आणि ती उडवणारे, दोघांचीही भाषा त्यांना कळत होती. त्यांनी निवडलेला शब्द पुरेसा जुना होता आणि पुरेसा रोजचा होता.

पुढचा हिशेब

12 एप्रिलला भाड्याने आणलेल्या प्रवासी विमानाने ती माणसं हैनानची राजधानी हायकौ इथून ग्वाम आणि तिथून हवाईला गेली. विमान मात्र लिंगश्वीलाच राहिलं. ते दुरुस्त करून उडवत न्यायला चीनने नकार दिला. ते सुटं करून रशियन बनावटीच्या अंतोनोव्ह-124 मालवाहू विमानांतून न्यावं लागलं आणि हे काम 3 जुलैला पुरं झालं. अकरा दिवसांचा मुक्काम आणि विमानाची व्यवस्था यांसाठी चीनने 10 लाख डॉलर मागितले. अमेरिकेने 34,567 डॉलर देऊ केले. चीनने ते घेतले नाहीत.

पत्रात ठरल्याप्रमाणे 18 एप्रिलला दोन्ही बाजू भेटल्या आणि टक्कर कोणामुळे झाली यावर आपापल्या जागी ठाम राहिल्या. टेहळणीची उड्डाणं पुन्हा सुरू झाली, त्यांच्या मागे जाणारी लढाऊ विमानंही. नोव्हेंबर 2014मध्ये दोन्ही देशांनी समुद्रात आणि हवेत समोरासमोर आल्यावर कसं वागायचं याचा समझोता केला, आणि सप्टेंबर 2015मध्ये त्याला हवाई भेटींचं वेगळं प्रकरण जोडलं. अंतर राखा, इरादा आधी कळवा, अशा नियमांबरोबर त्यात वैमानिकांना आणखी एक सूचना आहे: असभ्य भाषा वापरू नये आणि हातवारे करू नयेत.